वाचक विचारतात : पडवीतला केर आणि नदीकाठची वाघळं

या महिन्यात सापांपेक्षा वाघळांची पत्रं जास्त आली. असं पहिल्यांदाच घडतंय, म्हणून हा सगळा अंक त्यांनाच. सापवाल्यांनी महिनाभर कळ काढावी.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. 2021 च्या पुरानंतर आमच्या गावच्या नदीतला गाळ काढला. यंत्रं उतरायला वाट हवी म्हणून एका काठची करंजं, जांभळी, उंबर सगळं गेलं. ग्रामसभेत मी विचारलं, या झाडांवरच्या वाघळांचं काय? लोक हसले. आता पुलावर नवे दिवे लागलेत आणि त्यांच्याभोवती रोज तिन्हीसांजेला वाघळं नुसती भिरभिरत असतात. मुलगा म्हणतो, ‘बघ, काही फरक पडला का?’ माझं चुकलं होतं का? (एक वाचक, चिपळूण तालुका)

उत्तर : तुमचं चुकलं नव्हतं. मुलगाही खोटं बोलत नाहीये. तो बघतोय ते वाघूळ वेगळं आणि तुम्ही विचारलं होतंत ते वेगळं, एवढाच घोळ आहे.

दिव्याभोवतीची ती चिमुकली वाघळं वजनाला चार-सहा ग्रॅमची. कौलांच्या फटीत, पाटीच्या मागे, पुलाच्या सांध्यात, कुठेही राहतात. दिव्यावर किडे जमले की यांची पंगत बसते. माणसानं जंगल तोडून वस्ती केली तरी यांचं फारसं बिघडत नाही, उलट बरं चालतं. भारतात वाघळांच्या सव्वाशेच्या वर जाती आहेत, त्यातल्या मूठभर अशा वस्तीला सरावलेल्या. त्यांच्याकडे बघून नदीकाठाची तब्येत ठरवायची म्हणजे एस.टी. स्टँडवरचे कावळे मोजून रानातल्या पाखरांचा अंदाज बांधण्यासारखं आहे.

मी माझ्या घरचं सांगते. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, बावनदीला मिळणाऱ्या एका पऱ्ह्याच्या वरच्या अंगाला. घराची मागची पडवी अंधारी. माझ्या लहानपणापासून त्या पडवीच्या एका ठरावीक वाशाखाली रोज सकाळी केर पडलेला असायचा. नाकतोड्याच्या तंगड्या, करवतीसारख्या काट्यांच्या. मोठ्या पतंगांचे पंख, हाताला पावडर लागेल असे. शेणकिड्यांची काळी टणक कवचं. मे महिन्यात झाडावर किरकिरणाऱ्या मोठ्या किड्यांचे पारदर्शक पंख, आणि पावसात एखादा बेडकाचा पाय. आई केरसुणी फिरवताना म्हणायची, ‘आज पाहुण्यांचं जेवण झकास झालेलं दिसतंय.’ हे पाहुणे म्हणजे मोठ्या कानांचं, राखाडी, शेपूट जवळजवळ नसलेलं एक वाघूळ. इंग्रजांनी त्याला ‘खोटं रक्तपिपासू’ असं काहीतरी भयंकर नाव ठेवलंय. रक्ताशी त्याचा संबंध नाही. ते पानावर चालणाऱ्या किड्याची सळसळ कानांनी टिपतं, भक्ष्य उचलतं, ठरलेल्या जागी उलटं लटकून खातं आणि नको ते खाली टाकतं. आमची पडवी ही त्याची खानावळ.

सात-आठ वर्षांपूर्वी खालच्या अंगाच्या शेजाऱ्यांनी पऱ्ह्याच्या दोन्ही काठांची झाडं जळाऊ लाकडासाठी विकली. त्यांचा हक्क होता आणि मुलीचं लग्न होतं, मी काय बोलणार? साधारण दोनशे पावलांचा पट्टा उघडा पडला. आमच्या हद्दीतली झाडं तशीच होती, घर तेच, पडवी तीच, वासा तोच. पहिल्या वर्षी केर पडत राहिला. दुसऱ्या वर्षी कमी झाला. तिसऱ्या पावसाळ्यानंतर वाशाखाली केरसुणी फिरवायचं कारण उरलं नाही. अंगणातल्या दिव्यावर मात्र चिमुकली वाघळं पूर्वीपेक्षा जास्तच.

एका पडवीवरून शास्त्र होत नाही, हे मीच वर्गात ओरडून ओरडून सांगितलंय. पण कारण समजायला अवघड नाही. वाघळांचे पंख एकसारखे नसतात. लांब, अरुंद पंखांची वाघळं उंचावर, मोकळ्या हवेत सरळ वेगानं उडतात. ती हायवेवरची एस.टी. आखूड, रुंद पंखांची वाघळं सावकाश उडतात पण फांदीफांदीतून वळतात, जागच्या जागी गिरकी घेतात. ती बोळातली रिक्षा. आमचा पाहुणा रिक्षातला. घोड्याच्या नालासारखं नाक असलेली वाघळंही तशीच. ती नाकातून आपल्या कानाला न ऐकू येणारा एकाच पट्टीतला बारीक सूर काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीत पतंगाच्या पंखांची फडफड पकडतात. इतका उंच सूर हवेत लांब जात नाही, थोड्याच अंतरात विरून जातो. दाट झाडीत त्यांना तेवढा पुरतो. उघड्यावर आलं की पुढे काय आहे ते कळत नाही, वर घुबड टपलेलं, खाली दिव्याचा झगमगाट. मग ती उघड्यावर यायचंच टाळतात.

नदीकाठची झाडी म्हणजे या रिक्षांचा बोळ. डोंगरातल्या कपारीपासून खालच्या वाडीच्या राईपर्यंत जायची झाकलेली वाट. मध्येच दोनशे पावलं छप्पर उडालं की वाट तुटली. त्यात नदी नुसती वाट नसते, बाजारपेठही असते. पाण्यात वाढणारे कितीतरी किडे संध्याकाळी पंख फुटून वर येतात, त्यांच्यावर वाघळं जगतात. मोठ्या पावलांचं एक वाघूळ तर डोहाच्या पाण्याला जवळजवळ चिकटून उडतं आणि पृष्ठभागावरचा किडा पावलानं उचलतं. त्याला संथ पाणी लागतं, कारण खळाळत्या पाण्याच्या प्रतिध्वनीत किडा हरवतो. वाळू काढून डोह मोडला, काठ कापून पाणी गढूळ झालं, की त्याचं ताट गेलं. पुलावर दिवे कितीही लावा, ते तिकडे येणार नाही.

पुरानं ज्यांची घरं बुडाली त्यांना गाळ काढू नका असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही काठ एकदम मोकळे करू नयेत, आणि यंत्र उतरायला एक वाट पुरते, अख्खा काठ लागत नाही, एवढं पुढच्या ग्रामसभेत जरूर सांगा. मुलाला दिव्यापासून लांब, जिथे झाडी शिल्लक आहे तिथे, अंधारात अर्धा तास उभा करा. मग त्याचं मत विचारा.

प्रश्न : तिळारी खोऱ्यात नदीला लागून आमची पाच एकर जमीन आहे. आजूबाजूला रबर आणि अननस झाला. आम्हीही रबर लावायचं म्हणतोय. रोपं देणारा म्हणतो, अगदी पाण्यापर्यंत लावा, झाडं ती झाडंच, पर्यावरणालाही बरं. खरं का? (एक शेतकरी, दोडामार्ग)

उत्तर : रोपं विकणाऱ्याला झाडं ती झाडंच वाटणार. वाघळांना तसं वाटत नाही, आणि ते मोजून पाहिलं गेलंय.

तमिळनाडूत अनामलाई डोंगरात वालपराई नावाचं पठार आहे. भोवती व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, मध्ये सुमारे 220 चौरस किलोमीटर चहा-कॉफीचे मळे. निवृत्तीनंतर मी तिथे चार दिवस राहिले. चहाचा डोंगर लांबून सुंदर दिसतो, जवळ गेलं की शाळकरी पोराचं डोकं न्हाव्यानं बारीक कापलंय असं वाटतं. त्यात मधूनमधून ऑस्ट्रेलियातून आणलेले सिल्व्हर ओक सावलीला उभे. क्लेअर वर्डली या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पठारावर वाघळं जाळ्यात पकडून आणि त्यांचे आवाज नोंदवून पाहिली: राखीव जंगलात, मळ्यांमधल्या जंगलाच्या तुकड्यांत, झाडांच्या सावलीतल्या कॉफीत, चहात आणि चहातून वाहणाऱ्या नद्यांवर. नद्यांचेही दोन प्रकार घेतले. एक, जिच्या काठाला झाडीचा पट्टा ठेवलेला, आणि दुसरी, जिला चहा थेट पाण्यापर्यंत भिडलेला. 2017 साली हे काम छापून आलं.

त्यांनी नुसत्या जाती मोजल्या नाहीत. वाघळांच्या किती तऱ्हा शिल्लक आहेत तेही पाहिलं: कोण फळं खातं, कोण किडे, कोणाचे पंख कसे, कोण कसा आवाज काढतं. जंगलाचे तुकडे आणि सावलीतली कॉफी यांत हे वैविध्य राखीव जंगलाच्या जवळपास होतं. चहात खूप घसरलेलं. चहात सगळ्यांत आधी हरवली ती फळं खाणारी, आकारानं मोठी, आखूड-रुंद पंखांची आणि एका पट्टीत सूर लावणारी. वाचताना मला आमची पडवी आठवली. आणि तुमच्या कामाची गोष्ट ही की चहातल्या ज्या नदीला झाडीचा काठ होता तिच्यावर हे नुकसान बरंचसं भरून निघालेलं दिसलं. भोवती तोच चहा, तरीही.

म्हणजे पाच एकरांवर नांगर फिरवू नका असं तुम्हाला कोणी सांगत नाहीये. काठ सोडा, एवढंच.

ही मोजणी रबरात झालेली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण रबराचा मळा नजरेसमोर आणा. एकाच वयाची, एकाच जातीची झाडं, खालचं रान साफ केलेलं, खायला फळ नाही, पोकळ खोड नाही, आणि हिवाळ्यात काही आठवडे पानगळीनं सगळं छत उघडं. वाघळाच्या दृष्टीनं मला तो कॉफीपेक्षा चहाच्या पंगतीतला वाटतो.

पट्टा किती रुंद ठेवायचा? मला विचाराल तर रुंदीपेक्षा तो सलग असणं महत्त्वाचं. दोन मोठ्या झाडांइतका जाड पण तुमच्या हद्दीत कुठेही न तुटणारा काठ मला एका कोपऱ्यातल्या भल्या मोठ्या राईपेक्षा आवडेल. त्यात उंबर, पायर, नांद्रुक ही मंडळी पहिल्या मानाची, कारण वडाच्या कुळातलं कुठलं ना कुठलं झाड वर्षात केव्हाही फळावर असतं. जांभूळ, करंज, अर्जुन, वाळुंज काठ धरून ठेवतात, ते तुमच्याच जमिनीच्या फायद्याचं. टेटू असेल तर तोडू नका, त्याची फुलं रात्री उमलतात ती वाघळांसाठीच. भेरली माड असेल तर फारच छान. छोटं फळवाघूळ त्याच्या लोंबत्या घोसातले मधले देठ कुरतडून आत घंटेसारखी पोकळी करतं. नर ती करतो आणि माद्या येऊन राहतात. आपल्याकडे मुलीकडचे लोक आधी मुलाचं घर बघतात तसंच.

वठलेलं, पोकळ झाड ‘कचरा’ म्हणून पाडू नका. केळी लावणार असाल तर सुकून लोंबणारी पानं सगळीच्या सगळी लगेच कापू नका. नारिंगी अंगाचं आणि काळ्या-नारिंगी पंखांचं एक इटुकलं वाघूळ नेमकं अशा सुक्या पानात झोपतं. हाताला लागेपर्यंत ते पानच वाटतं.

प्रश्न : चिकूच्या हंगामात वटवाघळं रात्रभर बागेत. फटाके, दिवे, जुनी मासेमारीची जाळी, सगळं झालं. औषध घालावं का? (डहाणू)

उत्तर : विष मुळीच नको. वाघूळ मरेल की नाही ठाऊक नाही, पण कुत्रा, मांजर किंवा शेजारचं पोर दगावेल. फटाक्यांना ती आठवड्यात सरावतात. माझ्या वडिलांनी आंब्यासाठी हे सगळं करून पाहिलंय. शेवटी वाघळं तिथेच राहिली आणि वडिलांची झोप गेली.

मासेमारीचं सैल, बारीक धाग्याचं जाळं सगळ्यांत वाईट. त्यात पंख अडकतो, जनावर तडफडत मरतं आणि जाळंही फाटतं. जाळं लावायचंच तर पांढरं, जाड धाग्याचं, ज्याच्या भोकातून करंगळी जाणार नाही असं घ्या आणि चौकटीवर ताणून बसवा. सगळ्या बागेला परवडणार नाही. मोक्याच्या झाडांना करा, आणि तयार झालेला चिकू झाडावर एक रात्रही जास्त ठेवू नका.

पूर्वी कायद्यानं फळं खाणारी वाघळं उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत होती. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत ‘उपद्रवी’ म्हणून ती कोणीही मारावीत अशी सोय होती. 2022 च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढून टाकली आणि 1 एप्रिल 2023 पासून ती दुरुस्ती लागू आहे. तेव्हा बंदूकवाल्या मेहुण्याला बोलावू नका.

आणि एक बारीक चौकशी. तुमच्या जवळच्या ओढ्याकाठचे उंबर-वड अलीकडे गेलेत का? रानात जेवण असलं की वाघळं बागेत येणारच नाहीत असं नाही, पण रानातलं ताट काढून घेतलं की ती येणार हे नक्की.

प्रश्न : आमच्या नदीकाठच्या आंब्यावर मोठ्या वटवाघळांची वस्ती आहे. निपाहच्या बातम्यांपासून लोक झाड तोडा म्हणतात. मागे तुम्हीच लिहिलं होतं की लहानपणी वाघळांनी चोखून टाकलेल्या बोंडांच्या काजूबिया गोळा करायचात. आता काय म्हणाल? (राजापूर तालुका)

उत्तर : पकडलंत मला! हो, करायचो. पहाटे आंब्याखाली गेलं की रात्रभर वाघळांनी आणून चोखलेल्या बोंडांच्या बिया पसरलेल्या असत. पायपीट न करता पायली-दोन पायली मिळायच्या. उंडीच्या बियाही अशाच मिळत, दिव्याच्या तेलासाठी. आज गोळा केल्या तर मी हातमोजे घालेन, घरी येऊन साबणानं हात धुवेन आणि बिया उन्हात वाळवून, नीट भाजूनच फोडेन. बोंडं मात्र नाही उचलणार.

निपाह ही थट्टेची गोष्ट नाही. 2018 साली केरळात कोझिकोडला माणसं गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतली वाघळं तपासली, त्यांतल्या काहींच्या रक्तात या विषाणूच्या खुणा सापडल्या. पण वाघूळ डोक्यावरून उडालं म्हणून आजार होत नाही. लाळ किंवा मूत्र लागलेलं खाणंपिणं, आजारी जनावर, आजारी माणूस, या वाटांनी तो येतो. बांगलादेशात खजुराच्या कच्च्या रसातून आला, तेव्हा तिथे मडक्यावर बांबूची झापं बांधायला सुरुवात झाली. तुमच्याकडे माडी काढणाऱ्यांना मडकं झाकायला सांगा. चोच-दात लागलेलं फळ गुरांनाही घालू नका. मेलेलं वाघूळ उघड्या हातानं उचलू नका. झाडाखालची विहीर उघडी असेल तर तिच्यावर जाळी टाका.

झाड तोडलंत तर काय होईल? ती मोठी वाघळं, पंख पसरले की चार फुटांच्या वर, वर्षाला एकच पिल्लू घालणारी, मरून जाणार नाहीत. घाबरून, उपाशी, पांगून गावातल्या चार झाडांवर बसतील. आज सगळी एका ठिकाणी, नदीच्या कडेला, माणसांपासून लांब आहेत. माझ्या मते निपाहची भीती वाटणाऱ्यानंच तो आंबा राखायला हवा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. कॉलेजच्या प्रकल्पासाठी आमच्या नदीवरची वाघळं मोजायची आहेत. वाघळांचे आवाज पकडणारं यंत्र महाग आहे. त्याशिवाय जमेल का? आणि पाकोळी म्हणजे वाघूळच ना? (लांजा)

उत्तर : काही गावांत छोट्या वाघळालाही पाकोळी म्हणतात, काही गावांत पक्ष्याला, आणि कुठे कुठे पतंगालाही. दिवसा उजेडी थव्यानं भिरभिरणारी, छताला पिसांचं घरटं करणारी पाकोळी हा पक्षी. प्रकल्पात कोणती ते स्पष्ट लिही, नाहीतर परीक्षक तिथेच अडवतील.

यंत्राशिवाय जातीची नावं फारशी देता येणार नाहीत, पण तऱ्हा ओळखता येतात. नदीवर दोन जागा निवड. एक जिथे दोन्ही काठांना झाडी आहे, एक जिथे काठ उघडा आहे. दोन्हीकडे पुलावर किंवा साकवावर पश्चिमेकडे तोंड करून सूर्यास्तापासून चाळीस मिनिटं बस. आकाशाच्या उजेडावर जे जाईल त्याची उंची लिही: झाडांच्या शेंड्यांवरून, फांद्यांच्या खालून की पाण्याला चिकटून? सरळ गेलं की गिरक्या घेत? दोन आठवडे एकाच मित्राबरोबर कर, रोज माणूस बदलला की आकडे बदलतात. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस वेगळे नोंद, चांदण्यात बरीच वाघळं उघड्यावर यायला कां-कूं करतात.

दिवसा नदीजवळची जुनी घरं, बंद शाळा, देवळांच्या ओवऱ्या फीर. वाशाखाली पंख-तंगड्यांचा केर दिसला तर कागदाच्या पुडीत जपून घे आणि पुडीवर तारीख, जागा लिही. घरच्या आजीला विचार, हा केर पूर्वी जास्त पडायचा का? तिचं उत्तरही वहीत लिही, तिच्याच शब्दांत. गुहेत किंवा बोगद्यात एकटी जाऊ नकोस आणि आत माद्या पिलांसकट दिसल्या तर लगेच बाहेर ये.

साकवावर बसशील तेव्हा मोबाइल खिशातच ठेव. त्याचा उजेड पडला की झाडीतली वाघळं वाट बदलतात आणि तुझ्या वहीत फक्त दिव्यावरची उरतात.